पबची ऊब आणि पबचा उंबरठा

१/
९ फेब्रुवारी १९४६. दुसरे महायुद्ध संपून वर्षही उलटलेले नाही आणि ब्रिटनमध्ये रेशनिंग अजून चालूच आहे. त्या शनिवारी लंडनच्या ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’ या वृत्तपत्रात जॉर्ज ऑर्वेल यांचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. विषय होता लेखकाचा आवडता पब आणि त्या पबचे नाव होते ‘द मून अंडर वॉटर’. आडगल्लीतला, ओळखीच्या गिऱ्हाइकांचा, जळत्या शेकोटीचा, पोटभर जेवणाचा आणि उत्तम स्टाऊटचा. निबंधाच्या शेवटी मात्र ऑर्वेल कबूल करतात की असा पब अस्तित्वातच नाही!

शेजारच्या पबची ही सुप्रसिद्ध ‘ऊब’ कधी आणि कशी तयार झाली, आणि ती कोणाकोणाला नाकारली गेली, याविषयीचा हा थ्रेड.

२/
आधी हा कल्पित पब नीट पाहून घेऊ. बस थांब्यापासून दोन मिनिटांवर, पण दारुडे आणि दंगेखोर सहसा फिरकत नाहीत अशा गल्लीत. आत व्हिक्टोरियन थाटाची सजावट. रेडिओ नाही, पियानो नाही, त्यामुळे गप्पा ऐकू येतात. बारमागच्या स्त्रिया बहुतेक गिऱ्हाइकांना नावाने ओळखतात. दुपारी वरच्या मजल्यावर सुमारे तीन शिलिंगांत मांसाचा तुकडा, दोन भाज्या आणि जॅम घालून उकडलेला गोड रोल. सोबतीला पिंपातून काढलेली मऊ, सायीसारख्या फेसाची स्टाऊट. मागे बाग आणि बागेत मुलांसाठी झोपाळे.

परिपूर्ण पबचे असे दहा गुण ऑर्वेल मोजतात. त्यांतले आठ असलेला एक पब त्यांच्या माहितीत होता. पण तिथेही पिंपातली स्टाऊट नव्हतीच.

३/
आज जगभर ‘पब’ म्हटले की हेच चित्र डोळ्यांसमोर येते. काळसर लाकूड, मंद प्रकाश, गरम पाय, काळी बिअर, पिढ्यान्‌पिढ्या तीच बसायची जागा. पब बंद पडू लागले की ‘शेकडो वर्षांची परंपरा संपत आहे’ असा शोक होतो, आणि तो खोटा नसतो. गेल्या काही दशकांत ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये हजारो पब बंद झाले आहेत.

तथापि ‘परंपरा’ या शब्दाची झडती घेणे हे इतिहासाचे काम आहे. ती घेतली की दिसते ते असे : या उबेतल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूला एक तारीख आहे, प्रत्येक तारखेमागे एखादा कायदा, कर, यंत्र किंवा जाहिरात आहे. आणि सर्वांत उशिराची तारीख आहे ती पबचे दार सर्वांना उघडल्याची.

४/
प्रारंभ स्टाऊटपासूनच करू. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये एक गडद तपकिरी, स्वस्त आणि जोरकस बिअर लोकप्रिय झाली. तिचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे शहरातले आणि थेम्सच्या धक्क्यांवरचे हमाल, अर्थात ‘पोर्टर’. बिअरलाही तेच नाव पडले. १७२२ मध्ये राल्फ हारवूड नावाच्या एका माणसाने ती ‘शोधली’ ही कथा वारंवार सांगितली जाते, पण तिला समकालीन कागदपत्रांचा भक्कम आधार नाही.

‘स्टाऊट’ या शब्दाचा बिअरच्या संदर्भातला मूळ अर्थ ‘कडक’ एवढाच. कडक पोर्टर ती ‘स्टाऊट पोर्टर’. पुढे विशेषण उरले आणि नाम गळून गेले. आज निवांतपणाचे प्रतीक झालेले हे पेय जन्माला आले ते ओझी वाहणाऱ्यांच्या घशासाठी.

५/
त्या पेयाचा उद्योग किती अजस्र झाला होता, हे एका दुर्घटनेवरून कळते. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडजवळील ‘हॉर्स शू’ ब्रुअरीत पोर्टरची एक प्रचंड लाकडी टाकी फुटली. तिच्या धक्क्याने इतर साठाही फुटला आणि बिअरची लाट भिंत पाडून मागच्या सेंट जाइल्सच्या वस्तीत घुसली. तिथे तळघरांत दाटीवाटीने गरीब कुटुंबे राहत होती आणि त्यांत आयरिश स्थलांतरित पुष्कळ होते. आठ जण मरण पावले. त्यांत दोन वर्षांच्या एका आयरिश मुलाच्या मृत्यूचा शोक करायला तळघरात जमलेले लोक होते.

चौकशीत ही ‘दैवी आपत्ती’ ठरली, कोणावरही दोष आला नाही. वाया गेलेल्या बिअरवर भरलेला कर मात्र ब्रुअरीला परत मिळाला. मृतांच्या कुटुंबांना असा परतावा नव्हता. स्टाऊटच्या इतिहासाचे हे पान पबच्या भिंतीवर फ्रेम करून सहसा लावले जात नाही.

६/
डब्लिनकडे वळू. ३१ डिसेंबर १७५९ रोजी आर्थर गिनेस यांनी सेंट जेम्स गेट येथील एक ब्रुअरी वर्षाला ४५ पौंड भाड्याने घेतली. भाडेकराराची मुदत होती ९,००० वर्षे! गिनेस प्रारंभी साधी एल बिअर बनवत. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी ती थांबवून सारे लक्ष लंडनहून आलेल्या पोर्टरवर केंद्रित केले. म्हणजे ‘आयर्लंडचे राष्ट्रीय पेय’ हे मुळात लंडनच्या हमालांचे पेय.

तिचा आजचा काळा रंगही नंतरचा. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर यांनी माल्ट भाजण्याच्या फिरत्या लोखंडी पिंपाचे पेटंट घेतले. कॉफीच्या बिया भाजाव्यात तसे माल्ट त्यात करपू न देता काळेकुट्ट भाजता येऊ लागले. थोड्याशा काळ्या माल्टने रंग आणि कडसर चव मिळू लागली. तो काळेपणा यंत्रयुगाचा आहे.

७/
आणि तो सायीसारखा फेस? ऑर्वेल यांच्या काळी पिंपातली स्टाऊट लंडनच्या फार थोड्या पबमध्ये मिळे. आयर्लंडमध्ये ती दोन पिंपांतून भरत असत : एका पिंपातली फसफसणारी बिअर आणि दुसऱ्यातली शांत झालेली. फेस बसू द्यायचा, पुन्हा भरायचे, फळीने वरचा फेस कापायचा. हे काम हाताच्या अंदाजाचे. अनुभवी बारमनशिवाय ते साधत नसे.

१९५९ मध्ये, त्या ९,००० वर्षांच्या कराराला २०० वर्षे होत असताना, गिनेसमध्ये काम करणाऱ्या मायकेल अॅश या गणितज्ञाने नायट्रोजनचा उपयोग करून ही अडचण सोडवली. नायट्रोजनचे बुडबुडे बारीक असतात, म्हणून फेस दाट आणि मऊ राहतो. आज जो संथपणे खाली उतरणारा फेस पाहून ‘जुन्या काळची’ आठवण येते, तो अंतराळयुगाचा समवयस्क आहे. स्पुटनिकहून दोन वर्षांनी लहान.

८/
आता पबच्या खोलीकडे पाहू. ‘पब’ हे ‘पब्लिक हाऊस’चे लघुरूप. त्यातला ‘हाऊस’ अगदी शब्दशः घ्यावा. १८३० च्या बिअरहाऊस कायद्याने इंग्लंडमध्ये कोणत्याही करदात्या घरमालकाला दोन गिनी भरून बिअर विकण्याचा परवाना घेता येऊ लागला. त्यासाठी दंडाधिकाऱ्याच्या मर्जीची गरज उरली नाही. जिनचे व्यसन आणि मोठ्या ब्रुअऱ्यांची मक्तेदारी या दोहोंवर हा उतारा आहे, असा वेलिंग्टन सरकारचा हिशेब होता.

काही महिन्यांतच हजारो घरांच्या पुढच्या खोल्या बिअरची दुकाने झाल्या. शेकोटी घरची, बाक घरचा आणि बिअर भरून देणारी घरधनीण. पबची घरगुती ऊब इथे उगम पावते. १८६९ मध्ये परवान्याचा अधिकार पुन्हा दंडाधिकाऱ्यांकडे गेला, पण तोवर गल्लोगल्ली ‘आपला’ पब रुजला होता.

९/
व्हिक्टोरियन काळात पब मोठे, झगझगीत झाले. आणि आतून विभागले गेले. एकाच छताखाली मजुरांचा ‘पब्लिक बार’, बऱ्या घरच्यांचा ‘सलून बार’, आणि ज्यांना दिसायचे नाही त्यांच्यासाठी ‘स्नग’ नावाची कोंदट खोली. काउंटरवर डोळ्यांच्या उंचीला फिरणाऱ्या नक्षीदार काचा बसवल्या जात. त्यांना ‘स्नॉब स्क्रीन’ म्हणत. पलीकडच्या गरीब गिऱ्हाइकाने अलीकडच्या साहेबाला पाहू नये, एवढाच त्यांचा उद्देश.

मराठीत ‘पायरीने वागणे’ हा वाक्प्रचार आहे. व्हिक्टोरियन पबने पायऱ्यांऐवजी फळ्या उभ्या केल्या, इतकेच. बिअर एकाच पिंपातली, पण फळीच्या कोणत्या बाजूला बसायचे हे दारातच ठरे.

१०/
१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या संस्थेच्या निरीक्षकांनी बोल्टन या गिरणगावातल्या पबमध्ये बसून माणसे न्याहाळली. कोण किती वेगाने पितो, कोण कोणाशी बोलतो, कोण कुठे बसतो, सारे टिपले. १९४३ मध्ये ‘द पब अँड द पीपल’ हे पुस्तक निघाले. घर आणि कामाची जागा सोडली, तर माणसांचा वेळ आणि पैसा सर्वाधिक घेणारी संस्था पबच आहे, चर्च, सिनेमा, नृत्यगृहे आणि राजकीय पक्ष एकत्र केले तरी तिच्यामागे पडतात, असा तिचा निष्कर्ष होता.

त्याच पुस्तकात आणखी एक नोंद आहे. मजुरांच्या खोलीत, म्हणजे ‘व्हॉल्ट’मध्ये, बिअर एका पेनीने स्वस्त असे, आणि त्या खोलीत स्त्रियांनी पाऊल ठेवायचे नसे. ज्या संस्थेत एवढे सार्वजनिक जीवन चालते, तिथे प्रवेश नसणे म्हणजे केवळ एका पेल्याला मुकणे नव्हे.

११/
जेवणाचा इतिहास तर अधिकच अनपेक्षित आहे. पबमधले पोटभर जेवण ही पुरातन प्रथा, असा समज असतो. जुन्या धर्मशाळावजा ‘इन’मध्ये जेवण मिळे, हे खरे, पण विसाव्या शतकाच्या प्रारंभी गल्लीतला सामान्य पब बहुधा उभ्याने पिण्याचीच जागा होती. तिथे बसायला खुर्ची आणि खायला गरम ताट ठेवण्याच्या कामी पुढाकार कोणी घेतला? सरकारने!

१९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात, स्कॉटलंडच्या सीमेवर ग्रेटना येथे दारूगोळ्याचा प्रचंड कारखाना उभा राहिला. हजारो कामगारांचा पगार जवळच्या कार्लाइल शहरातल्या पबमध्ये वाहू लागला. तेव्हा सरकारने त्या भागातल्या ब्रुअऱ्या आणि पब चक्क राष्ट्रीयीकृत केले.

१२/
अनेक पब बंद केले, उरलेले सुधारले. व्यवस्थापकाला पगार ठरवून दिला. दारूच्या खपावर त्याची कमाई अवलंबून ठेवली नाही, जेवण विकण्याला मात्र उत्तेजन दिले. जुलै १९१६ मध्ये एका जुन्या पोस्ट ऑफिसच्या इमारतीत ‘ग्रेटना टॅव्हर्न’ उघडले. मोठ्या खिडक्या, टेबले, गरम अन्न. पुढे हॅरी रेडफर्न या वास्तुविशारदाने या योजनेसाठी अनेक देखणे पब बांधले. ही सरकारी व्यवस्था युद्धानंतरही टिकली आणि १९७३ मध्ये विकली गेली.

युद्धकाळातच पब दुपारी बंद ठेवण्याचा नियम आला. पुढच्या पिढ्यांना तो अनादी वाटू लागला, पण त्यामागे फक्त कारखान्यातली हजेरी होती. इंग्लंडमध्ये तो १९८८ पर्यंत चालला.

१३/
पाव, चीज आणि लोणचे यांचे ‘प्लाऊमन्स लंच’, म्हणजे नांगरट्याची शिदोरी, हे आणखी एक उदाहरण. शेतमजूर पाव आणि चीज खात, यात शंका नाही. आपला शेतकरीही भाकरी आणि कांदा खातोच. पण त्या शिदोरीला हे नाव देऊन तिला पबच्या फलकावर आणले ते १९५० च्या दशकात चीजच्या जाहिरातदारांनी आणि पुढे दूध विपणन मंडळाने. रेशनिंग नुकतेच संपले होते आणि चीज खपवायचे होते.

१९९१ मध्ये लंडनच्या फॅरिंग्डन रोडवरील ‘द ईगल’ने पबच्या स्वयंपाकाला नवे वळण दिले आणि ‘गॅस्ट्रोपब’ हा शब्द रूढ झाला. म्हणजे जेवणाची परंपराही आजोबांच्या पलीकडे फारशी जात नाही.

१४/
इथवरच्या तारखा मांडल्या, त्या पबची हेटाळणी करण्यासाठी नव्हे. घडवलेली वस्तू खोटी नसते. फेस १९५९ चा आहे म्हणून तो कमी मऊ लागत नाही. मुद्दा वेगळा आहे. जर ऊब घडवलेली आहे, तर ती कोणासाठी घडवायची हेही कोणीतरी ठरवलेले आहे. शेकोटी कुठे बांधायची हे ठरवणाऱ्यांनीच दारात कोणाला अडवायचे हेही ठरवले. आणि ‘आमची परंपरा’ हे शब्द दारात अडवण्यासाठी वापरले गेले, तितके क्वचितच दुसऱ्या कशासाठी वापरले गेले असतील.

आता त्या उंबरठ्याचा इतिहास पाहू.

१५/
ऑर्वेल यांच्या स्वप्नातल्या पबमध्येही स्त्रियांचा बार वेगळा आहे. तेव्हा ते कोणाला खटकले नाही. आयर्लंडमध्ये स्त्रिया बहुधा स्नगमध्ये, दाराआड बसून पीत. कित्येक पबमध्ये त्यांना प्रवेश नसे, आणि असला तरी पूर्ण पिंट दिली जात नसे. अर्धा पेला चालेल, पिंट नाही! १९७० च्या दशकात पत्रकार नेल मॅककॅफर्टी आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी डब्लिनमधल्या एका पबमध्ये आधी ब्रँडी मागवल्या, नंतर एक पिंट. पिंट नाकारली गेली, तेव्हा त्यांनीही ब्रँडीचे पैसे देणे नाकारले. हा प्रसंग आयरिश स्त्रीमुक्ती चळवळीच्या आठवणींत अढळ झाला आहे.

१६/
लंडनमध्ये हेच भांडण न्यायालयात गेले. फ्लीट स्ट्रीटवरील ‘एल व्हिनो’ हा पत्रकारांचा आणि वकिलांचा अड्डा. तिथे स्त्रियांना काउंटरशी उभे राहून पेय मागवता येत नसे. त्यांनी मागच्या खोलीत टेबलाशी बसावे, असा नियम. टेस गिल या वकील आणि अॅना कूट या पत्रकार यांनी दावा लावला. नोव्हेंबर १९८२ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

बातम्या काउंटरशी होणाऱ्या कुजबुजीतून मिळत. टेबलाशी बसणारीला त्या मिळत नसत. लिंगभेदविरोधी कायदा १९७५ चा. म्हणजे कायदा झाल्यावरही चार पावले पुढे सरकून काउंटरशी उभे राहायला सात वर्षे लागली.

१७/
वर्णभेदाचा इतिहास मात्र एकरेषीय नाही. जून १९४३ मध्ये लँकेशरमधल्या बॅम्बर ब्रिज या गावात अमेरिकेच्या कृष्णवर्णीय सैनिकांची तुकडी होती. अमेरिकी लष्कराला गावातल्या पबमध्येही वर्णानुसार वेगळेपण हवे होते. गावातल्या पबवाल्यांनी ‘फक्त कृष्णवर्णीय सैनिकांसाठी’ अशा पाट्या लावून त्याला उत्तर दिले, असे सांगितले जाते. २४ जूनच्या रात्री ‘ये ओल्ड हॉब इन’ या पबपाशी लष्करी पोलिस कृष्णवर्णीय सैनिकांना अटक करायला आले, तेव्हा गावकरी त्या सैनिकांच्या बाजूने उभे राहिले. त्या रात्री पुढे गोळीबार झाला आणि विल्यम क्रॉसलँड हा सैनिक मारला गेला.

गावचा पब काय असू शकतो, याचे हे एक उत्तर. दुसरे उत्तर दोन दशकांनी, दीडशेएक किलोमीटर दक्षिणेला मिळाले.

१८/
बर्मिंगहॅमला लागून असलेले स्मेदिक हे ओतशाळांचे गाव. युद्धानंतर तिथल्या भट्ट्यांपुढे काम करायला पंजाबमधून शेकडो तरुण आले. दिवसभर वितळलेल्या लोखंडापुढे राबलेला माणूस संध्याकाळी पबमध्ये जाई, तेव्हा त्याला कळे की ‘पब्लिक बार’मध्ये एखादा कोपरा मिळेल, पण लाउंजमध्ये किंवा ‘स्मोक रूम’मध्ये नाही. काही पबमध्ये तर कुठेच नाही. ज्या फळ्या व्हिक्टोरियन काळात वर्गासाठी उभ्या केल्या होत्या, त्या आता वर्णासाठी कामी आल्या.

१९६४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत याच स्मेदिकमध्ये उघड वंशद्वेषी प्रचाराच्या वातावरणात पीटर ग्रिफिथ्स निवडून आले.

१९/
त्या भेदाविरुद्ध ‘इंडियन वर्कर्स असोसिएशन’ उभी राहिली. तिचे एक नेते अवतारसिंग जौहल हे स्वतः ओतशाळेतले कामगार. विद्यापीठातल्या गोऱ्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन ते पबमध्ये जात आणि वागणुकीतला फरक सर्वांसमोर उघडा पाडत.

१२ फेब्रुवारी १९६५ रोजी असोसिएशनच्या निमंत्रणावरून माल्कम एक्स स्मेदिकमध्ये आले. जौहल यांच्या आठवणीनुसार, ‘ब्लू गेट्स’ या पबच्या स्मोक रूममध्ये या मंडळींना पेय नाकारले गेले आणि पब्लिक बारकडे बोट दाखवले गेले. माल्कम एक्स मुस्लिम होते, मद्य घेत नसत. प्रश्न मद्याचा नव्हताच. त्यानंतर नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांची हत्या झाली.

२०/
त्याच वर्षी ब्रिटनचा पहिला वंशसंबंध कायदा झाला आणि डिसेंबर १९६५ मध्ये अमलात आला. हॉटेल, उपाहारगृह, पब अशा सार्वजनिक जागी वर्णभेद बेकायदा ठरला. कायदा दुबळा होता. घर आणि नोकरी त्याच्या बाहेरच राहिली होती, ती १९६८ मध्ये आत आली. खासगी सदस्यांच्या क्लबांनी आणखी पळवाट काढली. ती १९७६ मध्ये बंद झाली.

मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावे. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या भारतीय राज्यघटनेच्या कलम १५(२) ने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीच्या जागा येथे धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थानावरून मज्जाव करण्यास बंदी केली होती. स्मेदिकच्या दारात अडवला गेलेला कामगार जिथून आला, त्या देशाने हे तत्त्व १५ वर्षे आधी लिहून ठेवले होते.

२१/
यावरून स्वतःची पाठ थोपटण्याचे कारण नाही. ते कलम लिहावे लागले, कारण इथल्या चहाच्या दुकानांत वेगळ्या कपबश्या होत्या, खानावळींत वेगळ्या पंगती होत्या आणि पाणवठ्यांवर पहारे होते. मसुदा समितीचे अध्यक्ष असलेल्या डॉ. आंबेडकरांना हे कोणी शिकवण्याची गरज नव्हती. कलम झाल्यावरही कपबश्या लगेच एक झाल्या नाहीत.

स्नॉब स्क्रीनची काच आणि टपरीवर बाजूला ठेवलेला कप, या दोन वस्तू एकाच संग्रहालयात शेजारी शेजारी ठेवता येतील. दोन्हींमागचे म्हणणे एकच : तहान तुलाही लागते हे मान्य, पण आमच्यासमोर आणि आमच्याबरोबर नको.

२२/
स्मेदिकच्या कथेचा पुढचा भाग मात्र सुखावणारा आहे. १९७० आणि १९८० च्या दशकांत त्या भागातल्या ओतशाळा बंद पडू लागल्या. गिऱ्हाईक आटल्याने पबही अडचणीत आले. तेव्हा पंजाबी आणि गुजराती कुटुंबांनी हे पब चालवायला घेतले. कित्येकांनी त्यासाठी नोकरी गेल्यावर मिळालेली भरपाई लावली. बिअरचे नळ तसेच राहिले, डार्ट्सचा फलक तसाच राहिला. स्वयंपाकघरात मात्र कोळसा पेटला. तंदुरी कोंबडी, सीख कबाब, मासळीची भजी यांचे चरचरणारे ‘मिक्स्ड ग्रिल’ टेबलावर येऊ लागले.

स्मेदिक आणि वेस्ट ब्रॉमविचमधल्या या ‘देसी पब’मध्ये आज सामन्याच्या दिवशी वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचे गोरे, काळे आणि पंजाबी चाहते एकाच टेबलावर नान तोडतात. ज्यांना दाराबाहेर ठेवले होते, त्यांनीच त्या भागातल्या कितीतरी पबची दारे उघडी ठेवली.

२३/
एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घ्यायला हवा. पबची ऊब ओळखीतून येते आणि ओळखीचे वर्तुळ असते. वर्तुळाला बाहेरची बाजू असणारच. सर्वांसाठी असलेली जागा शेवटी कोणाचीच नसते, विमानतळासारखी होते. या म्हणण्यात तथ्य आहे. १९९० च्या दशकापासून डब्लिनच्या कंपन्यांनी तयार ‘आयरिश पब’ची लाकडी सजावट जहाजांत भरून जगभर पाठवली, शेकोटी, स्नग, जुन्या बाटल्या, सारे काही. त्यांतल्या पुष्कळ पबमध्ये सर्वांना प्रवेश आहे, पण ‘आपली’ जागा कोणाची नाही.

तरीही या आक्षेपात दोन गोष्टींची गल्लत आहे. नित्याचे गिऱ्हाईक होणे हे येण्याने साधते, जन्माने नव्हे. दहा संध्याकाळी येणाऱ्या माणसाचे नाव बारमनला पाठ होते. पण जो पहिल्याच संध्याकाळी आत येऊ शकत नाही, तो अकराव्या संध्याकाळी ओळखीचा कसा होणार? ओळखीच्या वर्तुळाला परीघ असावा. त्याला कुलूप नसावे.

२४/
आणि हा प्रश्न मिटलेला नाही. आयर्लंडच्या २००० सालच्या समान दर्जा कायद्याने ‘ट्रॅव्हलर’ या भटक्या आयरिश समाजाचा स्पष्ट उल्लेख करून त्यांना सेवा नाकारण्यास बंदी केली. पबविरुद्धच्या तक्रारींची सुनावणी समता न्यायाधिकरणापुढे, कमी खर्चात होई. पबचालकांच्या संघटनांनी त्यावर नाराजी व्यक्त केली आणि २००३ च्या मद्यविषयक कायद्याने अशा तक्रारी जिल्हा न्यायालयाकडे वळवण्यात आल्या. वकील, खर्च आणि पराभवाची जोखीम यांमुळे तिथे जाणे गरीब माणसाला किती सोपे असेल, याची कल्पना महाराष्ट्रात कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही येईल.

‘आयरिश आतिथ्य’ ही जगभर विकली जाणारी वस्तू आहे. तिची खरी किंमत ट्रॅव्हलर कुटुंबासाठी दार उघडते की नाही, यावर ठरते.

२५/
पुन्हा ऑर्वेल यांच्या कल्पित पबकडे. त्यातला सर्वांना आवडणारा भाग म्हणजे मागची बाग. तिच्यामुळे सारे कुटुंब येऊ शकते. आईला मुलांना सांभाळत घरी बसावे लागत नाही आणि वडील एकटे निघून जात नाहीत. १९०८ पासून कायद्याने लहान मुलांना बारमध्ये मज्जाव होता. ऑर्वेल यांना तो कायदाच चुकीचा वाटत होता : मुले आणि पर्यायाने स्त्रिया बाहेर राहिल्याने पब हा कुटुंबाच्या भेटीची जागा न राहता नुसता पिण्याचा अड्डा होतो, असे त्यांचे म्हणणे.

म्हणजे १९४६ च्या त्या स्वप्नातही दाराचा प्रश्न होता. त्यांनी तो बागेपुरता सोडवला.

२६/
पब वाचवण्याची मोहीम आज ब्रिटनमध्ये सर्वत्र चालते. जुनी लाकडे, नक्षीदार काचा आणि फरशा यांना संरक्षण मिळते, आणि ते मिळायलाच हवे. स्नॉब स्क्रीनची काचही जपावी, कारण ती पुरावा आहे. पण वारसा म्हणून नेमके काय जपायचे, याचे उत्तर केवळ लाकडात सापडणार नाही. स्टाऊट हमालांची होती, खोली घरधनिणीची होती, ताट युद्धकाळातल्या सरकारने आणले आणि दार ओतशाळेतल्या कामगारांनी व पिंट मागणाऱ्या स्त्रियांनी उघडायला लावले. पबचे खरे वारसदार ही माणसे आहेत.

ऑर्वेल यांच्या दहा गुणांच्या यादीत म्हणून एक अकरावा घालावा : अनोळखी माणूस आत आला, तर शेकोटीजवळची मंडळी थोडी सरकून त्याला बाकावर जागा करतात.

(थ्रेड समाप्त. आपल्या गावातल्या चहाच्या टपरीवर, खानावळीत, इराण्याकडे किंवा गोव्याच्या एखाद्या तावेर्नात उंबरठ्याच्या अशा कथा ऐकल्या असतील, तर प्रतिसादांत अवश्य लिहाव्यात.)

#इतिहास #पब #थ्रेड